तांड्यावरचा डबा

२८ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळचं काम : लाल यादी.

बोंडअळीच्या वर्षीच्या माझ्या वहीतलं हे पान. बाकीची पानंही अशीच सुरू होतात, कारण माझा दिवसच असा सुरू व्हायचा. पुसदला आमचं वायरलेस इंटरनेटचं काम होतं. आधी एसटीडी बूथ, मग सायबर कॅफे, मग हे. नवरा कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला. त्याला यंत्रातलं माझ्यापेक्षा जास्त कळायचं, पण लोकांशी फोनवर बोलायचं म्हटलं की त्याचं डोकं दुखायचं. माझं दुखत नाही, म्हणून धंदा माझ्याकडे आला.

काम समजायला सोपं आहे. टेकडीवर आमचा मनोरा. ग्राहकाच्या छतावर पाइपला बांधलेला एक पांढरा डबा, त्याचं तोंड मनोऱ्याकडे. दोघांनी एकमेकांना सरळ बघितलं पाहिजे, मध्ये झाड नको, टाकी नको. डब्यातून एक वायर खाली घरात येते आणि एका छोट्या अ‍ॅडॅप्टरमधून तिला वीज मिळते. माझ्या कॉम्प्युटरवर प्रत्येक डब्याचा एक ठिपका. चालू असला की हिरवा, बंद पडला की लाल. सकाळी साडेआठला चहाचा कप घेऊन बसायचं, लाल ठिपक्यांची यादी करायची आणि एकेकाला फोन लावायचा.

त्या सकाळी यादीत पाच जण होते. पहिले एक निवृत्त साहेब. त्यांच्या सौभाग्यवतींनी राउटरला क्रोशाचं कव्हर विणलं होतं, आणि तो आत उकडून बंद पडला होता. "काढा ते," मी म्हणाले. "अहो, पण धूळ बसते," आतून आवाज आला. दुसऱ्याने अ‍ॅडॅप्टरच्या जागी मोबाइलचा चार्जर लावला होता. पिन बसली म्हणजे चाललं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. तिसऱ्याच्या पाइपवर वानरं झोके घेऊन गेली होती, आणि डबा आता मनोऱ्याकडे नाही, मंगल कार्यालयाकडे बघत होता. चौथ्याला विचारलं, "अ‍ॅडॅप्टरवरचा दिवा लागला का?"

"कोणता दिवा?"

"टेबलाखाली पाहा. छोटा, हिरवा."

"थांबा, चष्मा आणतो." पाच मिनिटं सामान सरकवल्याचे आवाज. मग, "मॅडम, प्लगच निघालेला आहे. पोरीनं इस्त्री लावलती."

आमच्या धंद्यात निम्मे आजार असेच. म्हणून माझा एक नियम होता : ग्राहक काय सांगतो त्यावर जायचं नाही, अ‍ॅडॅप्टरवरचा दिवा काय सांगतो त्यावर जायचं. तो पाहून यायला लावल्याशिवाय मी फोन ठेवत नसे. लोक वैतागायचे. वैतागू देत.

पाचव्याला फोन लावणार तेवढ्यात, नऊ वाजून दहा मिनिटांनी, स्क्रीनवर एकदम सात ठिपके लाल झाले.

सात घरांतल्या सात पोरींनी एकाच मिनिटाला इस्त्री लावली नसणार. सातही ठिपके उमरखेडच्या बाजूच्या एका खोऱ्यातले होते. तिथे आमचा मनोरा सरळ दिसत नाही, मध्ये डोंगर. म्हणून डोंगरावरच्या बंजारा तांड्यात एका घराच्या स्लॅबवर आम्ही मोठा डबा लावला होता. तो मनोऱ्याकडून घ्यायचा आणि खाली खोऱ्यात द्यायचा. तो गेला की खोरं गेलं.

दहा मिनिटांत खोऱ्यातून फोन आलाच. तिथल्या गावात मोबाइलची रेंज नव्हती. बोलायचं असलं की गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीवर चढावं लागायचं. फोन केला होता बचत गटाच्या अध्यक्षीण बाईंनी. वय पस्तिशीचं, आवाज खणखणीत.

"जय भीम ताई. मशीन अंगठा घेऊन नाही राह्यली."

"जय भीम. सकाळपासून?"

"सकाळी चार अंगठे घेतले आन् मेली. पन्नासेक माणसं उभी हायेत पिशव्या घेऊन. ताई, उद्या दहा वाजता साहेब येऊन राह्यले. तुमाले म्हाईत हाये ना?"

मला माहीत होतं. गावातलं रेशन दुकान सहा महिन्यांपूर्वी या बायकांच्या गटाला मिळालं होतं. आधीच्या दुकानदाराचा परवाना रद्द झाला होता, आणि तो गप्प बसलेला नव्हता. बायकांना मशीन चालवता येत नाही, धान्य पडून राहतं, असा अर्ज त्याने तालुक्याला केला होता. त्याची चौकशी करायला पुरवठा निरीक्षक बुधवारी येणार होते. आणि नेमकं त्या महिन्यात धान्यच उशिरा, रविवारी उतरलं. दोनशे कार्डांपैकी साठांचंच वाटप झालेलं. अंगठा मशीनवर लागल्याशिवाय वाटप झालं असं धरत नाहीत, आणि मशीन चालायचं आमच्या नेटवर. साहेबांनी येऊन पाहिलं असतं की धान्याची पोती तशीच आहेत, तर त्यांनी अर्जात लिहिलंय तेच खरं मानलं असतं. दुकान गेलं असतं. त्या वर्षी शेतातून घरात फारसं काही येणार नव्हतं. त्या गावाला ते दुकान नीट चालणं फार महत्त्वाचं होतं.

"माणसांना घरी पाठवू नका," मी म्हणाले.

"पाठवून कुठी ऱ्हायली? वावरात तरी काय ठेवलंय आता? बसल्या हायेत इथंच, माह्या नावानं बोटं मोडत."

मग मी तांड्यावर फोन लावला. ज्या घरावर आमचा डबा होता तिथे एक म्हातारी एकटी राहायची. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले. बंजारा लोक आईला याडी म्हणतात; सगळा तांडा तिला याडी म्हणायचा, मीही म्हणायचे.

"याडी, लाइट आहे का?"

"हाव, हाये ना."

"स्लॅबवरचा डबा जागेवर आहे का? वानरं आली होती का?"

"जागीच हाये. वानर नाय आलं."

मी फोन ठेवला. अ‍ॅडॅप्टरवरच्या दिव्याचं विचारलंच नाही. अ‍ॅडॅप्टर आतल्या खोलीत, म्हातारीला कशाला उठवायचं, आणि मला घाई होती. वहीत त्या दिवसाखाली मी नंतर लिहिलं आहे : नियम मोडला, चार तास गेले.

आमच्याकडे वर चढायचं काम एक भाऊ करायचे. पन्नाशीचे, पूर्वी केबल टीव्हीच्या वायरी ओढायचे, नवऱ्याचे जुने ओळखीचे, म्हणून मला वहिनी म्हणायचे. त्यांना म्हटलं, "लाइट आहे आणि डबा बंद आहे, म्हणजे डबाच जळला. नवा घ्या." व्हॅनमध्ये नवा डबा, केबलचं बंडल, शिडी, मीटर, पक्कड, सगळं टाकलं आणि निघालो.

रस्त्यात कापसाची गाडी एक दिसली नाही. दर वर्षी नोव्हेंबरात त्या रस्त्यावर जिनिंगला जाणाऱ्या गाड्यांमागे रखडत जावं लागायचं, आणि बाभळींना कापूस लटकलेला असायचा. त्या वर्षी रस्ता मोकळा. काही वावरांत लोक उभी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटत होते, काहींत जनावरं सोडली होती.

"वहिनी, औंदा आपण दसऱ्याची फेरी नाही केली," भाऊ गाडी चालवता चालवता म्हणाले.

"कशाला करायची? कापूस कुठंय?"

त्यांनी गाडीचा वेग वाढवला.

तांड्यात पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. निम्म्या घरांना कुलपं. याडी ओट्यावर बसून घागऱ्याच्या काठाला टाके घालत होती, आणि तिच्या डोक्यावर ओट्याचा बल्ब भर दिवसा जळत होता. मी भाऊंकडे पाहिलं : बघा, लाइट आहे. भाऊंनी शिडी लावली.

पुढचे दीड तास आम्ही स्लॅबवर काय नाही केलं! जुना डबा काढला, नवा बसवला. नवाही मुका. मग केबलचं टोक बदललं. मग केबल कुठे उंदराने खाल्ली का म्हणून बोट फिरवत हातभर हातभर तपासली. मग भाऊंनी आमच्या मनोऱ्याच्या दिशेला हात जोडले आणि म्हणाले, "काहून छळून राह्यला बाबा?"

"भाऊ, मीटर लावा. डब्यापर्यंत वीज तरी येते का पाहा."

लावलं. काटा हलला नाही.

"वहिनी, वरती करंटच नाही."

"बल्ब लागलाय की खाली."

"बल्ब लागलाय. इथं नाही."

म्हणजे अडचण आतल्या खोलीत. मी खाली उतरले. आतल्या दाराला कुलूप होतं आणि दारासमोर याडी. आम्ही स्लॅबवर असताना तिने आपली बसायची जागा ओट्यावरून उंबऱ्यावर आणली होती.

"याडी, दार उघड. अ‍ॅडॅप्टर पाहायचा आहे."

"चावी नाय."

"कुठं गेली?"

"पोरापाशी."

"पोरगा साखर कारखान्यावर, आणि चावी बरोबर घेऊन गेला? मग तू झोपतेस कुठं?"

"वट्ट्यावर."

"थंडीत?"

ती टाके घालत राहिली. भाऊ खाली आले, पाणी प्यायले, आणि माझ्या कानाशी म्हणाले, "वहिनी, नाक लावा दाराले."

मी नाक लावलं. सरकीचा वास. इकडे वाढलेल्या कुणालाही तो ओळखायला वेळ लागत नाही.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला पाहिजे. कापूस घरात भरला की त्या खोलीतली वीज तोडतात. बटण बंद करून भागत नाही, फ्यूजच काढून ठेवतात. एक ठिणगी पडली की वर्ष जळतं. म्हणून आम्ही दर दसऱ्याला एक फेरी करायचो : कापूस घरात यायच्या आधी प्रत्येक खेड्यातल्या ग्राहकाचा अ‍ॅडॅप्टर बाहेरच्या खोलीत आणून ठेवायचा. आमच्या कामातली ही गोष्ट कुठल्या पुस्तकात नाही. आणि त्या वर्षी ती फेरी मी रद्द केली होती, कारण कापूस नाही असं सगळा जिल्हा म्हणत होता आणि मीही म्हणत होते.

"याडी," मी तिच्यासमोर खाली बसले. "आत कापूस आहे. असू दे. मी तलाठी नाही, मी नुकसानीच्या पंचनाम्याला आलेली नाही. माझ्यामुळे कोणाची भरपाई बुडणार नाही."

"तुमच्या गाडीत कागद हाये."

"तो माझ्या कामाचा कागद आहे. घे, बघ."

"मले वाचता नाय येत."

"मग मी सांगते त्यावर विश्वास ठेव. खालच्या गावात बाया सकाळपासून रेशनसाठी बसल्यात. मशीन तुझ्या डब्यावर चालते. आज धान्य वाटलं नाही तर उद्या साहेब येऊन त्यांचं दुकान काढून घेतील."

"कोणाचं? त्या गटाच्या बायांचं?" तिने पहिल्यांदा सुई थांबवली. "आन् कोणाले देतीन?"

"आधीच्यालाच, आणखी कोणाला."

"तो?" याडीने एक शब्द उच्चारला, तो मी लिहीत नाही. "तो आमाले दर डावाले दोन किलो कमी द्याचा. तांड्यावरचे म्हून." तांड्याची कार्डंही त्याच दुकानात होती, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. तिने कमरेची पिशवी सोडली. तिच्यातून आधी चावी निघाली, मग चिनी मातीचा फ्यूज.

दार उघडलं. खोली अर्ध्या उंचीपर्यंत भरलेली होती, पण एका माणसाच्या कापसाने नव्हे. गाठोडीच गाठोडी, लहान लहान, प्रत्येकाला वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली. ऊसतोडीला जाण्याआधी अकरा घरांनी आपापल्या वावरातून जे काही हाती लागलं ते वेचून इथे आणून ठेवलं होतं, कारण स्लॅबचं घर तेवढं एकच. बराचसा कवडी होता, अळीने खाल्लेला, पिवळा, कडक. शेवटची दोन गाठोडी त्या सकाळी आली होती. ती ठेवली आणि नऊ वाजता याडीने फ्यूज काढला.

"फोनवर सांगायचं ना याडी."

"तू इचारलं लाइट हाये का. लाइट हाये. तू कापसाचं इचारलंच नाय."

भाऊ भिंतीकडे तोंड करून हसले. हसू देत, खरं होतं.

आता प्रश्न होता फ्यूजचा. तासाभरासाठी लाव, अशी मी गळ घातली. याडी म्हणाली, "अकरा घरचं हाये. तुह्या घरी तुह्या पोरीचे दागिने ठेवले आन् मी म्हनलं तासभर दार उघडं ठेव, त ठेवशीन?" मी नाही ठेवणार, म्हणून पुढे वाद घातला नाही. तिचं चुकत नव्हतं. वीज आत न नेता डब्याला द्यायची होती.

तसा उपाय अवघड नव्हता. ओट्याच्या बल्बची लाइन वेगळी, ती चालू होती. तिच्यावर नवा अ‍ॅडॅप्टर लावायचा आणि केबल बाहेरून स्लॅबवर न्यायची. पण ओट्याची भिंत म्हणजे कापसाच्या खोलीचीच भिंत. याडीला तिच्यावर काही नको होतं.

"लाइटचं मीटर आहे की त्या भिंतीवर," भाऊ म्हणाले.

"मीटर सरकारचं हाये. सरकारले मी काय सांगू? तुमाले सांगते."

शेवटी अंगणातल्या खांबावर तोडगा निघाला. शेळ्या बांधायचा लाकडी खांब, घरापासून पंधरा-वीस पावलं. बल्बच्या होल्डरमधून वायर तिथवर ओढली, अ‍ॅडॅप्टर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून खांबाला टांगला, आणि तिथून केबल हवेतून स्लॅबवर नेली. जुना डबा बिचारा चांगलाच होता. तो परत व्हॅनमध्ये ठेवला. याडीने वायरीचा प्रत्येक हात घरापासून किती लांब आहे ते स्वतः चालून पाहिलं. तीन वाजता अ‍ॅडॅप्टरवरचा दिवा लागला. या वेळी मी खाली वाकून स्वतः पाहिला.

अध्यक्षीण बाईंचा फोन यायला वीस मिनिटं लागली. टाकीवर चढायला तेवढा वेळ लागतोच.

"ताई, मशीन जित्ती झाली!"

"आता सोडू नका. किती होतील संध्याकाळपर्यंत?"

"मशीन घेते, पण अंगठे नाही उठून राह्यले. कापूस येचू येचू बोटं घासली बायांची. तेल लावून राह्यलो, लिंबू लावून राह्यलो. एका आजीचे दहाही बोटं झाले, आता काय पायाचे लावू?"

"कोणाची उठतात त्यांची आधी घ्या. बाकीच्यांना हात धुऊन, पुसून, सावलीत बसवा."

"काय झालतं तांड्यावर?"

"फ्यूज," मी म्हणाले. याडी ऐकत होती.

पुन्हा काही बिघडलं तर हाताशी असावं म्हणून आम्ही तांड्यावरच थांबलो. संध्याकाळी सात वाजता अध्यक्षीण बाईंनी आकडा सांगितला : एकशे बेचाळीस. अजून अठ्ठावन्न राहिली होती, आणि साहेब दहाला येणार. बायकांनी ठरवलं होतं की सकाळी सहाला दुकान उघडायचं. म्हणजे मशीन सहा ते दहा एक मिनिटही बंद पडून चालणार नव्हतं. आम्ही निघायला लागलो तेव्हा याडी सहज म्हणाली, "शेळ्या रोज रात्री तिथंच बांधतो मी, त्या खांबाले. दोरी खातेत त्या. वायर खातीन का?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. आमच्याजवळ वायरीवर चढवायला पाइप नव्हता, आणि पुसदची दुकानं बंद व्हायच्या आत पोचणं शक्य नव्हतं. शेळ्या त्या रात्री शेजारच्या कुलूपबंद घराच्या ओट्याला बांधायच्या, असं याडीने कबूल केलं. सकाळी मात्र त्या सुटणार.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी पुसदच्या हार्डवेअरवाल्याला घरून उठवलं, पाइप आणि क्लिपा घेतल्या, भाऊंना घेतलं, आणि साडेसहाला तांड्यावर हजर झाले. भाऊ शिडीवर चढले. मी खांबापाशी बाजेवर बसले, हातात तुरीची काडी. नऊ शेळ्या होत्या आणि त्यांतली एक काळी फार हुशार. ती माझ्याकडे न बघता, उगाच गवत हुंगत, बरोबर केबलकडे यायची. याडी ओट्यावरून सांगत होती, "तिले मार नको, गाभन हाये. नुसती काडी दाखव." मी दाखवत होते. साडेतीन तास मी एका शेळीला काडी दाखवली. एरवी असली कामं मी कोणाला करूही दिली नसती.

दहाला साहेब आले असणार. साडेदहा झाले. पावणेअकरा. फोन वाजला.

"ताई, एकशे एक्क्याण्णव झाले व! नऊ राह्यले, त्या आजी धरून. साहेबानं सोताच एका बाईचा अंगठा लावून पाह्यला, पाचव्या खेपेले उठला. मंग म्हने, मशीन तुमाले येते, अंगठेच येत नाहीत. तसंच लिवलं त्यानं कागदावर. दुकान आपल्याकडंच हाये."

"त्या नऊ जणांचं काय?"

"त्यांचं वहीवर सही घेऊन देऊ म्हने, त्यानं परवानगी देल्ली."

मी याडीला सांगितलं. तिने मान हलवली आणि भाकरी आणायला आत गेली. भाऊ वरून म्हणाले, "वहिनी, अजून चार क्लिपा राह्यल्या, शिडी हलते." मी काडी ठेवली आणि जाऊन शिडी धरली.